बारावी खरी, पण पुरेशी आहे का?

मागच्या दसऱ्याला नारायणगडावर गेलो होतो. आमच्या बीडकडं गडाला धाकटी पंढरी म्हणतात. दर्शन झालं, चहा घेताना चुलतभाऊ म्हणाला, "दादा, जर्मनीचं फिसकटलं. आपला बोर्ड तिकडं चालतच नाही."

त्याला बारावी सायन्सला ७४ टक्के. एका एजंटानं सांगितलेलं, बारावीवर थेट ॲडमिशन. काकांनी कापसाचे पैसे त्याला दिले. अर्ज नामंजूर झाला, वर्ष गेलं.

मी कोड लिहिणारा माणूस. एरर आली की आधी मेसेज वाचायचा, ही सवय. वाचलं तर कळलं, बोर्ड चालतो. पण तिकडं दोन वेगळे प्रश्न विचारतात.

पहिला, कागद खरा आहे का? त्यासाठी एपीएस प्रमाणपत्र. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते सक्तीचं आहे. दहावी-बारावीच्या मार्कलिस्टवर आणि पासपोर्टवर नाव एकसारखं आहे ना, हे आधीच बघा.

दुसरा, ही बारावी त्यांच्या आबिटूरएवढी धरायची का? आबिटूर म्हणजे तिकडची शाळेची शेवटची परीक्षा. त्यांचं उत्तर, नुसती बारावी पुरत नाही. मग तीन वाटा. जेईई ॲडव्हान्स्ड पास असाल, तर तांत्रिक आणि विज्ञान शाखांना थेट अर्ज. किंवा इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण करा आणि त्याच विषयाला अर्ज करा. नाहीतर श्टुडिएनकोलेग, म्हणजे साधारण वर्षभराचा तयारीचा कोर्स आणि शेवटी परीक्षा. अंतिम निर्णय विद्यापीठाचा. शिवाय भाषेची अट वेगळी.

मार्कांचंही गणित आहे. शंभरातून आपले मार्क वजा करा. शंभरातून पासिंगचे ३५ वजा करा. पहिल्याला दुसऱ्यानं भागा, तीननं गुणा, एक मिळवा. ७४ टक्क्यांचे होतात २.२. तिकडं १ सगळ्यात भारी, ४ म्हणजे काठावर पास. म्हणजे भावाचे मार्क चांगलेच होते!

आणि हे फक्त आपल्याच बाबतीत नाही. परदेशात शाळा शिकून इथं कॉलेजला येणाऱ्यालाही समकक्षता घ्यावी लागते.

भाऊ आता बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे, संध्याकाळी जर्मन शिकतो. काकांचे पैसे काही परत आले नाहीत.

म्हणून सांगतो, पैसे देण्याआधी विद्यापीठाच्या साइटवर भारतासाठीची अट स्वतः वाचा. मोबाइल हातातच आहे की!

भेटू पुढच्या भागात. राम कृष्ण हरी!