घरातील धूरसूचक : निवड, मांडणी आणि निगा
(गिंडी, चेन्नई येथे रहिवाशांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



गिंडीत १९५८ पासून औद्योगिक वसाहत आहे. त्यामुळे आगीची सूचना देणारे यंत्र ही वस्तू आपल्यापैकी अनेकांना कामाच्या ठिकाणी परिचयाची असेल. परंतु ज्या घरात आपण रात्री निर्धास्तपणे झोपतो, त्या घरात असे यंत्र क्वचितच आढळते.

मार्च २०२२ मध्ये याच राज्यातील वेल्लोर शहरात रात्री चार्जिंगला लावलेल्या विजेवरील दुचाकीने पेट घेतला आणि एक गृहस्थ व त्यांची शाळकरी मुलगी धुराने गुदमरून मृत्यू पावली. घरच्या आगीत माणसे भाजून मरतात, अशी आपली समजूत असते. वास्तविक ज्वाला पोहोचण्यापूर्वी धूर पोहोचतो आणि त्यातील कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन वायू झोपलेल्या माणसाची शुद्ध हरपवतो. धुराच्या वासाने जाग येईल, यावरही विसंबता येत नाही. गाढ झोपेत घ्राणेंद्रिय जवळजवळ निष्क्रिय असते. म्हणून कानांना हाक मारणारे साधन हवे. धूरसूचक म्हणजे ‘स्मोक अलार्म’ हेच काम करतो.

या यंत्राचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात अमेरिशियम-२४१ या किरणोत्सर्गी द्रव्याचा अत्यल्प अंश असतो. त्याच्या किरणांमुळे आतील हवेतून सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहतो. धुराचे कण शिरले की तो मंदावतो आणि भोंगा वाजतो. भडकून पेटणारी आग या प्रकाराला लवकर कळते. दुसऱ्या प्रकारात एक प्रकाशशलाका असते. धुराच्या कणांवरून विखुरलेला प्रकाश संवेदकावर पडला की इशारा मिळतो. गादी, कापूस किंवा तारांचे वेष्टन धुमसत असेल, तर हा प्रकार अधिक तत्पर ठरतो. शिवाय स्वयंपाकाच्या धुराने तो तुलनेने कमी फसतो. यासाठी आपल्याकडील घरांना मी हा दुसरा प्रकार सुचवेन.

फसण्याचा हा मुद्दा गौण मानू नये. आपल्या घरात धूर हा केवळ संकटाचा दूत नसतो. फोडणी, उदबत्ती, कापूर, धूप, डास पळवणारी कॉइल, हे सारे नित्याचे आहे. भोगीच्या पहाटे या शहरात जुन्या वस्तू जाळतात. २०१८ साली त्या धुराने विमानतळावरील वाहतूकही विस्कळीत झाली होती. अशा घरात चुकीच्या जागी लावलेले यंत्र रोज ओरडते. चौथ्या दिवशी कंटाळलेला गृहस्थ त्याची बॅटरी काढून ठेवतो आणि आग लागते त्या रात्री ते मुके असते. ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकेतील पाहण्यांनुसार घरच्या आगींतील दर पाच मृत्यूंपैकी जवळजवळ तीन मृत्यू धूरसूचक नसलेल्या किंवा बंद असलेल्या घरांत होतात. आणि यंत्र असूनही ते वाजले नाही, याचे नेहमीचे कारण बॅटरी काढलेली किंवा निखळलेली असणे हे असते.

म्हणून जागेची निवड विचारपूर्वक करावी. प्रत्येक झोपण्याच्या खोलीत एक, त्या खोल्यांबाहेरच्या वाटेत एक आणि घर दुमजली असल्यास प्रत्येक मजल्यावर निदान एक, असा संकेत आहे. धूर वर चढतो. म्हणून यंत्र छताला लावावे, अथवा भिंतीवर छतापासून ३० सेंटिमीटरच्या आत. चुलीपासून किमान ३ मीटर अंतर राखावे. देवघर व न्हाणीघराचे दारही टाळावे, कारण वाफेनेही यंत्र वाजते. छताच्या पंख्याच्या पात्यांच्या टोकापासून सुमारे ९० सेंटिमीटर दूर राहावे. एरवी वाऱ्याच्या झोताने धूर यंत्रापर्यंत पोहोचतच नाही. स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णता ओळखणारा सूचक लावावा. आणखी एक खुलासा : धूरसूचकाला गॅसची गळती कळत नाही. सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. त्याचा सूचक वेगळा असतो व जमिनीलगत बसवावा लागतो.

यंत्रे परस्परांशी जोडलेली असल्यास उत्तम. एक वाजले की सगळी वाजतात. घरच्या विजेवर चालणाऱ्या यंत्राला बॅटरीचा आधार हवाच, कारण आगीत बहुधा वीज आधी जाते.

निगा राखणे अवघड नाही. महिन्यातून एकदा चाचणीची कळ दाबून आवाज ऐकावा. जाळीवरील धूळ, कोळिष्टके मऊ ब्रशने काढावीत. आत कीटक शिरले तरी खोटा इशारा मिळतो. पोंगल वा दिवाळीपूर्वी घराला रंग देताना यंत्र झाकावे, पण काम संपताच आच्छादन काढावे आणि यंत्रावर रंगाचा हात कधीही फिरवू नये. अधूनमधून टिकटिक ऐकू येऊ लागली, तर बॅटरी त्याच दिवशी बदलावी. दहा वर्षांनी यंत्रच बदलावे. किरणोत्सर्गी प्रकारचे जुने यंत्र कचऱ्यात न टाकता पुरवठादाराकडे परत करावे.

शेवटी, यंत्र फक्त हाक मारते. बाहेर पडायचे ते आपल्यालाच. खिडक्यांना गज आणि दाराला जाळीचे कुलूप असलेल्या घरात किल्ली कोठे आहे, हे अंधारातही सर्वांना ठाऊक असावे. लहान मुले मोठ्या आवाजानेही पुष्कळदा जागी होत नाहीत. त्यांना कोणी उचलायचे, हे आधी ठरवावे. धुरात वाकून चालावे, लिफ्ट वापरू नये आणि बाहेर पडल्यावर १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला कळवावे. याची घरातल्या सर्वांनी मिळून वर्षातून दोनदा तालीम करावी, आणि त्यांतील एक रात्रीच्या अंधारात करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.