गाडी द्यायची आहे, घेता का?

कठोपनिषदाची सुरुवात तुम्हांला आठवत असेल. वाजश्रवसाने सर्वस्व दान करण्याचा यज्ञ मांडला आणि ज्या गाई दान दिल्या, त्या म्हाताऱ्या, आटलेल्या, भाकड. मुलाला, नचिकेताला, ते खटकले. पुढे तो यमाच्या दारी गेला, मोठे तत्त्वज्ञान झाले आणि गाई मागेच राहिल्या. मला मात्र नेहमी वाटते, त्या गाई ज्यांच्या दारात गेल्या त्यांनी काय केले असेल? दूध नाही, पण चारा, पाणी, राखण सगळे आले. शिवाय नको म्हणायची सोय नाही, कारण दान!

हे आठवायचे कारण आमची गाडी. सात आसनांची, डिझेलवरची फॉर्च्युनर. आमच्या यजमानांनी निवृत्तीनंतर हौसेने घेतलेली. पनवेलला हल्ली अशा गाड्यांचे अप्रूप नाही. विमानतळासाठी जमिनी गेल्या, मोबदला आला, आणि आसपासच्या गावांतल्या अरुंद गल्ल्यांतसुद्धा असली धुडे उभी राहिली. आमचे मात्र मध्यमवर्गीय घर. त्यामुळे त्या गाडीचे कौतुक फार. कोकणात गावी जाताना पळस्पे फाटा ओलांडला की हे गाणी लावायचे. ते गेले आणि गाडी कव्हर घालून पार्किंगमध्ये उभी राहिली. मला चालवता येत नाही. मुलगा बंगळूरला. तो म्हणाला, “आई, विकायला नको. बाबांच्या नावाने एखाद्या संस्थेला देऊन टाकू.”

कल्पना मला आवडली. पनवेल तालुक्याला संस्थांची वाण नाही. नेऱ्याला कुष्ठरुग्णांसाठी सुरू झालेले शांतिवन आहे, गोवा महामार्गावर तारा गावी युसुफ मेहेरअली सेंटर आहे, रस्त्यावरच्या निराधारांना उचलून आणणारा सील आश्रम आहे. लहान संस्था तर कितीतरी. त्यांतल्याच एका लहान संस्थेकडे मी चौकशी केली. नाव सांगत नाही, कारण तिथले व्यवस्थापक माझ्याशी पैशांबद्दल अगदी मोकळेपणाने बोलले.

त्यांनी आधी चहा दिला. मग विचारले, “काकू, किती किलोमीटर झालीय? टायर कधीचे आहेत? आणि ड्रायव्हरचा पगार कोण देणार?” तिसऱ्या प्रश्नाला मी हसले. ते हसले नाहीत. कागद ओढून त्यांनी हिशेब मांडला. महिन्याला पंधराशे किलोमीटर फिरली, लिटरला दहा किलोमीटर गेली, तर १५० लिटर डिझेल. लिटरला ९० रुपये धरले तरी साडेतेरा हजार. ड्रायव्हर वेगळा, विमा वेगळा. आणि अशा गाडीचा एखादा सुटा भाग गेला, तर त्या एका बिलात त्यांच्या स्वयंपाकघराचे किती दिवस निघतात, तेही त्यांनी सांगितले. मग म्हणाले, “आमच्या आजी-आजोबांना या गाडीत चढवायचे म्हणजे दोन माणसे लागतील. पायरी केवढी उंच!”

हे मला कळायला हवे तेवढे कळत होते, कारण शेवटी शेवटी यांनाच त्या गाडीत चढवायला आम्ही प्लॅस्टिकचे स्टूल ठेवत असू.

घरी बहुतेकांना वाटत होते, रुग्णवाहिका करता येईल की. पण रुग्णवाहिकेची नोंदणी वेगळी, तिच्यासाठी ठरवून दिलेले निकष वेगळे. काचेवर लाल क्रॉस चिकटवला की रुग्णवाहिका झाली असे नसते. करोनाच्या काळात गरजेपोटी लोकांनी घरच्या गाड्या त्या कामाला लावल्या, हे खरे. मुंबईत मालाडच्या मालवणीतले शाहनवाज शेख यांची गोष्ट त्या वेळी गाजली. २०२० साली त्यांनी आपली फोर्ड एंडेव्हर आधी रुग्णांना ने-आण करण्यासाठी दिली. मग ओळखीच्या घरातली एक बाई ऑक्सिजनअभावी रिक्षातच गेली. तेव्हा त्यांनी तीच गाडी विकली आणि त्या पैशांतून ऑक्सिजनची नळकांडी घेऊन लोकांना द्यायला सुरुवात केली. १६० नळकांडी घेतल्याचे बातम्यांत आले होते. मला त्यांच्या गोष्टीत भावते ते हे, की गाडी चाकांवर उपयोगी आहे तोवर त्यांनी ती चालवली, आणि तिच्या पैशांची गरज जास्त आहे असे दिसताच विकली. गाडीवर जीव असलेल्या माणसाला हे सोपे नसते.

मुलाला मी फोनवर हे सांगितले, तर तो गप्प झाला. “म्हणजे बाबांची गाडी कुठल्यातरी परक्याला?” मी म्हटले, “संस्थेला दिली तरी परकाच चालवणार ना!” दोन दिवस त्याचा फोन नव्हता.

तेवढ्यात मी कागदपत्रांकडे वळले. दान असो की विक्री, आधी गाडी माझ्या नावावर व्हायला हवी होती. मालक वारला तर वारसाने तीस दिवसांत कळवायचे असते आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून नाव बदलून घ्यायचे असते. ते आम्ही वेळेत केले होते. पुढचे हस्तांतर नमुना २९ आणि ३० वर. फास्टॅग बंद करायचा. आणि विम्यातला ‘नो क्लेम बोनस’ हा माणसाचा असतो, गाडीचा नव्हे, तो आपल्याकडे राहतो. ही एक गोष्ट मला एजंटाने नाही, शेजारणीने सांगितली!

नावाबद्दल मात्र हयगय नको. दान दिले, हात जोडले, किल्ली दिली आणि पुस्तकावर नाव आपलेच, असे पुष्कळदा होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात अगदी स्वच्छ सांगितले आहे. ती गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी कितीतरी हातांतून गेली होती, नाव मात्र पहिल्याच मालकाचे. अपघात झाला. भरपाईची जबाबदारी नोंदीत ज्याचे नाव, त्याच्यावर. दाता म्हणून मिरवणे वेगळे आणि प्रतिवादी म्हणून उभे राहणे वेगळे.

करसवलतीचाही गैरसमज आहे. ८०जी म्हणून आपण ज्याला ओळखतो ती सवलत वस्तूच्या दानाला मिळत नाही, फक्त पैशाच्या दानाला मिळते. तेही रोख असेल तर २,००० रुपयांपर्यंतच. आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर मुळीच नाही. अमेरिकेत उलटे आहे. तिथे जुनी गाडी धर्मादाय संस्थेला देणे हा नित्याचा व्यवहार. संस्था ती बहुधा लिलावात विकते. पूर्वी दाते खटारा गाडीची भरघोस किंमत लावून सवलत घेत. २००४ साली कायदा बदलला. २००५ पासून पाचशे डॉलरच्या वर सवलत हवी, तर साधारणपणे संस्थेला विक्रीतून जेवढे मिळाले तेवढीच रक्कम धरली जाते. वाजश्रवसाला हे प्राप्तिकर खाते भेटायला हवे होते.

तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. गाडी विकायची. तो स्वतः दोन दिवसांसाठी आला, धुऊन घेतली, डॅशबोर्डावरचा छोटा गणपती काढून खिशात ठेवला. तीन ठिकाणी भाव विचारले. घेणारा खोपोलीचा, त्याला कुटुंबासाठीच हवी होती. नाव त्याच्या नावावर चढल्याचा संदेश येईपर्यंत मुलाने बंगळूरचे परतीचे तिकीट काढले नाही.

पैसे चेकने संस्थेला दिले. त्यांनी त्यातून एक जुनी, पण धडधाकट मारुतीची व्हॅन घेतली, मागच्या बाजूने चाकाची खुर्ची चढेल अशी घसरपट्टी करून घेतली, आणि उरलेली रक्कम इंधन-ड्रायव्हरसाठी ठेव म्हणून बँकेत टाकली. आठवड्यातून तीन दिवस ती व्हॅन डायलिसिसच्या दोन रुग्णांना पनवेलला आणते. व्यवस्थापकांनी विचारले, “काकांचे नाव दारावर लिहू का?” मुलगा म्हणाला, “नको, विम्याची तारीख तेवढी मला कळवत जा.” दर वर्षी ते कळवतात. तो पैसे भरतो आणि मला पावती पाठवतो.