चव्हाट्याचा धर्म



आपल्या मालवणी मुलुखांत तंटा मिटविणे वा देवास गाऱ्हाणे घालणे असले, म्हणजे गांवकरी चव्हाट्यावर वा मांडावर जमतात. प्राचीन अथेन्सचा ‘अगोरा’ हा चौक असाच होता. तेथे बाजार भरे, न्यायनिवाडा होई, आणि इ. स. पूर्व ६ व्या शतकांत उभारलेल्या बारा देवांच्या वेदीपाशी शरणागतांस आश्रय मिळे. परंतु नगराच्या सभेंत स्त्रियांस व दासांस मत नव्हते. पुढे सुमारे इ. स. ५० मध्ये त्याच चौकांत संत पौल जो भेटे त्याच्याशी प्रतिदिनी संवाद करी.

मिस्सानंतर इगर्जीच्या अंगणांत आपण जमतो. ज्याचे गाऱ्हाणे कोणी ऐकत नाही, त्याचे तेथे प्रथम ऐकूं या. एरव्ही तें अंगण नुसता बाजारच होय.