वाटून घेतलेला धडा
(विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



आज येथे पहिल्या तीन क्रमांकांची बक्षिसे वाटली जातील. त्यांचे कौतुक आम्हांसही आहे. परंतु वर्गात साठ मुले असतात. उरलेल्या सत्तावन्नांचे काय, या विचाराने आमची सारी नोकरी व्यापली होती. आज चार शब्द बोलावयाचे ते त्याविषयीच.

शिक्षक प्रश्न विचारतात, दहा हात वर होतात. एकाचे उत्तर चुकले की उरलेल्या नऊ जणांचे चेहरे खुलतात, कारण आता त्यांची पाळी! मुले दुष्ट नसतात. आपली पद्धतच त्यांना दुसऱ्याच्या चुकीवर पोसते.

अमेरिकेतील टेक्सस राज्यातल्या ऑस्टिन शहरी १९७१ साली गोरी, कृष्णवर्णीय व मेक्सिकन वंशाची मुले एका वर्गात आणली गेली आणि शाळांतून मारामाऱ्या होऊ लागल्या. एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञांनी वर्ग पाहिले व चुरशीकडेच बोट दाखविले. त्यांनी धडाच वाटून दिला. एलिनॉर रूझवेल्ट यांच्या चरित्राचे सहा भाग, सहा मुलांचा गट, आणि प्रत्येकाच्या हाती एकच भाग. परीक्षा मात्र साऱ्या चरित्रावर! ज्याचे इंग्रजी अडखळते म्हणून चेष्टा होई, त्यासच आता गोडीने विचारून बोलते करणे भाग पडले. काही आठवड्यांतच दुजाभाव ओसरू लागला. मागे पडलेल्या मुलांचे गुण वाढले, आणि पुढे असणाऱ्यांचे काही बिघडले नाही.

आपल्याकडे हे कसे करावे? महात्मा फुले यांचे चरित्र घ्या. १८२७ चा जन्म व बालपण. १८४८ साली पुण्यास भिडे वाड्यात काढलेली मुलींची शाळा. १८६८ साली अस्पृश्यांस खुला केलेला घरचा हौद. १८७३ चा सत्यशोधक समाज. आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडलेली प्राथमिक शिक्षणाची मागणी. असे पाच भाग पाच मुलांस द्यावे. प्रत्येकाने आपला भाग वाचावा. मग निरनिराळ्या गटांतील सारख्या भागाची मुले एकत्र बसवावी. ही मधली बैठकच या पद्धतीचा प्राण होय. सावकाश वाचणारा मुलगा येथे आपला भाग पुन्हा ऐकतो, शंका फेडून घेतो आणि मगच आपल्या गटात परत जाऊन सांगतो. वर्ग साठांचा असेल तर एका भागाची बारा मुले होतात. त्यांच्या दोन बैठका कराव्या, नाहीतर कोपऱ्यातला मुलगा कोपऱ्यातच राहतो. शेवटी चाचणी प्रत्येकाने एकट्याने द्यावी.

नुसते गोल करून बसविणे म्हणजे गटकार्य नव्हे. तसे केल्यास एक हुशार मुलगी सर्व लिहिते आणि बाकीचे पेन्सिलींना टोके काढतात! गणिताची नवी रीत मात्र आधी शिक्षकानेच फळ्यावर समजावावी. तेथे हा उपाय चालत नाही. आणि गलबला होणारच. शेजारच्या वर्गाची तक्रार येते, मुख्याध्यापक दारात उभे राहतात. शिक्षकाने ते सोसावे.

आता थोडे कटू बोलतो. दिवाळीच्या सुटीत संस्थेच्या वरच्या दालनात पाचवी ते सातवीच्या पंचवीस मुलामुलींचा असा वर्ग आम्ही विनामूल्य घेऊ इच्छितो. परंतु त्यात आळीतील इतर समाजांच्या मुलांसही प्रवेश असावा. संस्थेचा पैसा ज्ञातीच्या मुलांसाठी आहे, असे काही वडीलधारी मंडळी म्हणतील. शिष्यवृत्ती निधीस आम्ही हात लावीत नाही. येथे खर्च तो खडूंचा व कागदांचा. शाळेत आपली मुले सर्वांसोबतच बसतात, पुढे नोकरीतही बसतील. एकमेकांवाचून अडलेली मुलेच एकमेकांस ओळखतात. आपलीच पंचवीस मुले बसविली तर ऑस्टिनच्या प्रयोगातला अर्धा लाभ आपण दारातच सोडून दिला, असे होईल. कार्यकारी मंडळाने याचा निर्णय पुढील सभेत करावा, ही विनंती.

नावे चिटणिसांकडे द्यावी. पालकांनी मुलांस जिन्यापर्यंत पोहोचवावे. वर येऊन उत्तरे सांगू नयेत.