परक्याची ठेव आणि पिढ्यांचे काम
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी दिलेले भाषण)



सत्कार झालेल्या मुलामुलींना उद्देशून चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली, ती आम्ही आनंदाने शिरसावंद्य मानली. परीक्षेत यश मिळविलेल्या मुलास "पुढे कोण होणार?" असे आपण सारेच विचारतो. त्याची उत्तरेही बहुधा ठरलेली असतात : डॉक्टर, इंजिनिअर, वकील, हिशेबतपासनीस. ही सर्व उत्तरे चांगली आहेत आणि संसारास उपयोगी आहेत. परंतु "प्राचीन संस्कृतींचा अभ्यास करणाऱ्या एखाद्या संस्थेचा मी प्रमुख होईन," असे उत्तर आजवर आमच्या कानी आलेले नाही. म्हणून त्याच पदाविषयी आज दोन गोष्टी सांगण्याचे आम्ही योजिले आहे. असे पद कोणी कसे मिळविले याची हकीकत सांगण्याचा आमचा हेतू नाही. त्या पदावर बसलेल्या मनुष्याच्या माथी कोणते ओझे येते, हे सांगावयाचे आहे. कारण ओझे समजल्यावाचून पदाची योग्यता समजत नाही.

यासाठी आम्ही उदाहरण घेतो ते अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाच्या संस्थेचे. शंभर वर्षांहून अधिक काळ ती चालू असल्यामुळे तिचे सुदिन आणि दुर्दिन दोन्ही आपल्यासमोर आहेत. तिचे संस्थापक जेम्स हेन्री ब्रेस्टेड हे १८६५ साली जन्मले. प्रथम औषधशास्त्र, मग धर्मशास्त्र असा मार्ग बदलीत ते जर्मनीस गेले आणि १८९४ साली बर्लिन येथे मिसरविद्येत डॉक्टर झाले. ही पदवी मिळविणारे ते पहिले अमेरिकन. धनिक जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांच्या साहाय्याने त्यांनी १९१९ साली ही संस्था स्थापन केली आणि १९३१ साली तिची आजची वास्तू उभी राहिली. वास्तू एकच, पण तिच्यात दोन घरे नांदतात. एका घरात कीलाक्षरे आणि मिसरी चित्रलिपी वाचणारे पंडित. दुसऱ्या घरात सर्वांस खुले असलेले संग्रहालय. असुरांचा राजा दुसरा सारगोन याच्या खोर्साबाद येथील राजवाड्यातला, मनुष्यमुखाचा व पंखांचा, सुमारे चाळीस टन वजनाचा पाषाणवृषभ तेथे भिंतीशी उभा आहे.

या संस्थेच्या नावाची कथाही आपण ऐकण्यासारखी आहे. प्रारंभी ती 'ओरिएंटल इन्स्टिट्यूट', म्हणजे आपल्या भाषेत प्राच्यविद्या संस्था, या नावाने ओळखली जाई. आता गंमत अशी की, मिसर, इराक आणि इराण हे देश शिकागोकरांच्या पूर्वेस असले, तरी पुण्याहून वा रत्नागिरीहून पाहणाऱ्यास ते पश्चिमेसच आहेत! पूर्व कोणती हे पाहणारा कोठे उभा आहे यावर ठरते. त्या शब्दाला परकेपणाचा वास येतो, असा विचार होऊन २०२३ साली संस्थेने आपले नाव बदलले. पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका येथील प्राचीन संस्कृतींच्या अभ्यासाची संस्था असे आता तिचे नामाभिधान आहे. शंभर वर्षांची कीर्ती ज्या नावाभोवती जमली, ते नाव उतरवून ठेवणे सोपे नव्हे.

आता त्या ओझ्याकडे वळू. पहिले ओझे काळाचे. १९२१ साली ब्रेस्टेड यांनी अक्कडी भाषेच्या कोशाचा संकल्प सोडला. बाबिलोन व असुरिया येथील राजे, व्यापारी, वैद्य आणि ज्योतिषी ज्या भाषेत मातीच्या पाट्यांवर लिहीत, ती ही भाषा. प्रत्येक शब्द कोणत्या लेखात, कोणत्या अर्थाने आला याची एकेक चिठ्ठी लिहावयाची आणि चिठ्ठ्यांच्या राशीतून अर्थ निश्चित करावयाचा, अशी पद्धत होती. अशा चिठ्ठ्यांची संख्या वीस लाखांच्या घरात गेली. काही वर्षांत काम आटोपेल असे आरंभी वाटले होते. प्रत्यक्षात पहिला खंड निघाला १९५६ साली आणि शेवटचा निघाला २०११ साली. म्हणजे नव्वद वर्षे लागली! ब्रेस्टेड १९३५ साली निवर्तले. त्यांना पहिला खंडही दिसला नाही. गेल्ब, ओपेनहाइम, एरिका रायनर या संपादकांनी आपले उभे आयुष्य त्या चिठ्ठ्यांत घालविले, पण समाप्तीचा दिवस त्यांच्याही वाट्यास आला नाही. तो आला मार्था रॉथ यांच्या वाट्यास. आज तो सर्व कोश कोणासही संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळतो.

दरसाल अहवालात 'काम चालू आहे' एवढेच लिहावयाचे आणि दरसाल त्यासाठी पैसा उभा करावयाचा, हे त्या काळातील संचालकांचे प्राक्तन होते. ब्रेस्टेड यांच्या पश्चात १९३६ साली जॉन विल्सन त्या खुर्चीवर बसले. त्या वेळी जगभर मंदी होती आणि रॉकफेलर यांच्या देणगीचा ओघ आटला होता. परदेशातील उत्खनने त्यांना आवरती घ्यावी लागली, माणसे कमी करावी लागली. संस्थापकाचे नाव सर्वांच्या मुखी असते. पण पडत्या काळात ज्याने दिवा विझू दिला नाही, त्याचे नाव कोण घेतो? आमच्या मते विल्सन यांची कामगिरी ब्रेस्टेड यांच्या कामगिरीच्या पंक्तीस बसविण्यासारखी आहे.

असे दीर्घोद्योग आपल्या भूमीत झाले नाहीत असे कोणी समजू नये. पुण्यातील भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले, ते १९६६ साली पुरे झाले. ज्यांनी त्या कामास शास्त्रीय शिस्त लावली, ते विष्णु सीताराम सुकथनकर १९४३ सालीच गेले होते. पुढे बेलवलकर आणि वैद्य यांनी धुरा वाहिली. डेक्कन कॉलेजात १९४८ साली आरंभिलेला संस्कृतचा महाकोश आजही चालूच आहे; आणि त्याच आवारात हसमुख सांकलिया यांनी पुरातत्त्वाची जी परंपरा निर्माण केली, तिचे संग्रहालयही आहे. आपल्या किती मुलांनी ते पाहिले आहे, हे येथे बसलेल्या पालकांनी घरी गेल्यावर विचारावे.

दुसरे ओझे याहूनही नाजूक आहे. ते परक्याच्या ठेवीचे. इराणात पर्सेपोलिस येथे दारयवहु राजाची राजधानी होती. तेथे शिकागोच्या पंडितांना १९३३ साली तटबंदीच्या भिंतीत हजारो मृत्तिकाफलक सापडले. यांत विजयगाथा नाहीत. आहेत त्या इसवी सनापूर्वी ५०९ ते ४९४ या वर्षांतील कोठारांच्या नोंदी : कोणास किती धान्य, किती मद्य दिले, कोणता प्रवासी कोठून कोठे निघाला. राजमुद्रेचा परवाना घेऊन 'हिंदुश' म्हणजे सिंधुप्रदेशाकडे जाणारे-येणारे वाटसरूही त्यांत भेटतात. बाळंतिणींना जादा शिधा मिळे, अशाही नोंदी आहेत. मात्र मुलगा झालेल्या मातेस मुलगी झालेल्या मातेच्या दुप्पट! अडीच हजार वर्षांपूर्वीच्या मातीवर उमटलेला हा भेद येथे बसलेल्या भगिनींना अपरिचित वाटणार नाही. राजांच्या शिलालेखांतून असली माहिती कधी हाती लागत नाही. रिचर्ड हॅलक या अभ्यासकाने वर्षानुवर्षे खपून यांतील दोन हजारांवर लेख १९६९ साली प्रसिद्ध केले.

हे फलक १९३६ साली इराण सरकारने शिकागोस पाठविले, ते अभ्यास करून परत करण्याच्या बोलीवर. काही फलक १९४८ व १९५१ साली, आणि पुढे २००४ साली तीनशे फलक परत गेले. इतक्यात अकल्पित संकट उभे राहिले. १९९७ साली जेरुसलेम येथे झालेल्या बाँबस्फोटात काही अमेरिकन नागरिक जबर जखमी झाले होते. स्फोट करणाऱ्यांस इराणचे पाठबळ होते, या कारणास्तव अमेरिकेच्या न्यायालयाने २००३ साली इराणविरुद्ध कोट्यवधी डॉलरच्या भरपाईचा हुकूमनामा दिला. इराण ती देईना. तेव्हा अमेरिकेत इराणच्या मालकीचे जे काही असेल ते जप्त करून विकावे, असा अर्ज झाला. आणि त्या यादीत हे फलक आले!

बंधुभगिनींनो, येथे संचालकपदाची खरी कसोटी लागते. समोरचे वादी लबाड नव्हते. त्यांच्या जखमा खऱ्या होत्या आणि त्यांच्याविषयी कोणाही सहृदय माणसास कळवळा वाटावा. दुसऱ्या बाजूस ज्या सरकारची वस्तू, त्याचे आणि अमेरिकेचे उघड वैर. आणि आरंभी तर त्या सरकारच्या वतीने न्यायालयात कोणी उभेही राहिले नाही. "आमचा यात काय संबंध?" असे म्हणून विद्यापीठास हात झटकता आले असते. त्याने तसे केले नाही. ज्याची ठेव, तो आला नाही म्हणून ठेव गमावू द्यावयाची नाही, या निश्चयाने विद्यापीठ स्वतः त्या फलकांच्या बचावास उभे राहिले. गिल स्टाइन हे त्या वेळी संचालक होते. न्यायालयात वाद चालू असता, निकाल उलट लागला तर निदान लेख तरी जगास उरावेत, म्हणून मॅथ्यू स्टॉल्पर यांच्या नेतृत्वाखाली फलकांची सूक्ष्म छायाचित्रे घेऊन ती सर्वांस खुली करण्याचे काम झपाट्याने सुरू झाले. अखेरीस २०१८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने जप्तीविरुद्ध निर्णय दिला, आणि २०१९ साली १,७८३ फलक तेहरानला पोहोचले. शब्द दिला गेला त्याला तेव्हा त्र्याऐंशी वर्षे झाली होती. देणारे व घेणारे दोघेही कधीच काळाच्या पडद्याआड गेले होते.

वादींना न्याय कोणत्या मार्गाने मिळावा, हा प्रश्न या निकालाने सुटला असे आम्ही म्हणणार नाही. परंतु एका मनुष्याचे देणे दुसऱ्याच्या घरी विश्वासाने ठेवलेल्या वस्तूतून वसूल होऊ लागले, तर जगात कोणीही कोणाकडे अभ्यासासाठी काही धाडणार नाही, हे मात्र आम्हांस निश्चित वाटते.

अशी संस्था आपल्या चार भिंतींपुरती जगू शकत नाही, हेही तिच्या इतिहासातून दिसते. २००३ साली बगदादचे संग्रहालय लुटले गेले, तेव्हा चोरीच्या वस्तू ओळखता याव्यात म्हणून शिकागोच्या अभ्यासकांनी त्यांची सचित्र यादी जगापुढे मांडली. काबूलच्या संग्रहालयातील वस्तूंची मोजदाद करण्याच्या कामीही पुढे या संस्थेने हातभार लावला. यादी करणे हे दिसावयास कारकुनी काम. पण यादी नसेल तर गेलेली वस्तू आपली होती, हे सिद्ध तरी कसे करावे?

आता शेवटी आपल्या घरच्या गोष्टीकडे येतो. आपल्या समाजातील कित्येक जुन्या घराण्यांत माळ्यावर मोडी कागदांची बासने पडून आहेत. त्यांत वतनाची भांडणे असतील, किराणा मालाचे हिशेब असतील, लग्नातील देण्याघेण्याच्या याद्या असतील. पर्सेपोलिसचे फलक तरी याहून वेगळे काय आहेत? परंतु घर पाडताना ही बासने रद्दीत जातात, आणि ती वाचू शकणारी माणसेही थोडीच उरली आहेत. आमची अशी नम्र सूचना आहे की, संस्थेने प्रथम अशा कागदांची यादी करावी. मालकाची मालकी मालकाकडेच राहू द्यावी. कागद परत करण्याच्या बोलीवर घ्यावेत, त्याची पावती द्यावी, छायाचित्रे काढावीत आणि ठरल्या मुदतीत ते परत करावेत. एकदा जरी कोणाचे बासन गहाळ झाले, तरी दुसरे कोणी दार उघडणार नाही, हे चिटणीसांनी ध्यानात ठेवावे.

दुसरी सूचना शिष्यवृत्ती निधीविषयी. प्राचीन भाषा, पुरातत्त्व किंवा संग्रहालयशास्त्र शिकू इच्छिणाऱ्या निदान एका विद्यार्थ्यासाठी या निधीत जागा असावी, आणि ती एका वर्षाची नसून त्याचे शिक्षण पुरे होईपर्यंतची असावी. "याचा समाजास उपयोग काय?" असे पुढील संमेलनात कोणी विचारील. त्यांस एवढेच सांगावे की, या निधीत ज्या वडीलधाऱ्यांनी पै-पैसा घातला, त्यांनीही आज येथे सत्कार झालेल्या मुलांची तोंडे पाहिली नव्हती.

सत्कार झालेल्या सर्व मुलामुलींचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो.