युनिट मोजतात, राख कोण मोजतं?

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राचा विषय निघाला की आपल्यातल्या पुष्कळ जणी म्हणतात, ते इंजिनिअर लोकांचं काम, आपल्याला त्यातलं काय कळतं? मेगावॅट, संच असे शब्द आले की बाई गप्प बसते. म्हणून मी आधी हिशेबच मांडते. घरखर्चाची वही लिहिणारीला तो जड नाही.

केंद्राची क्षमता आज 2920 मेगावॅट आहे. पहिला संच 1983 साली सुरू झाला. सुरुवातीचे दोन संच आता मोडीत निघाले, 2016 साली 500 मेगावॅटचे दोन नवे आले. सगळे संच पूर्ण ताकदीने चालले (रोज तसे चालत नाहीत), तर दिवसाला 7 कोटी युनिट वीज. एका युनिटला साधारण 700 ग्रॅम कोळसा लागतो आणि आपल्याकडच्या कोळशात तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास राखच असते. म्हणजे युनिटमागे पाव किलो राख, शिवाय जवळजवळ एक किलो कार्बन डायऑक्साइड. महिन्याला 100 युनिट जाळणाऱ्या घरामागे 25 किलो राख. ते घर मुंबईतही असेल, कारण 1999 पासून इथली वीज सुमारे 750 किलोमीटरच्या लाईनने थेट पडघ्याला जाते. राख मात्र इथेच राहते.

बहुतेक राख चिमणीच्या आधीच यंत्रात पकडली जाते, हे खरं. पण निसटते ती सगळ्यात बारीक, थेट फुप्फुसात जाणारी. पकडलेली बरीचशी पाण्यात कालवून तळ्यात सोडतात. उन्हाळ्यात तळं सुकलं, वारा सुटला की ती पुन्हा उठते. मग दोनदा झाडणं, हंडे झाकणं, दोरीवरचं धुणं पुन्हा पिळणं कुणाच्या वाट्याला येतं? हे तास कुठल्याच अहवालात नाहीत. कुणी म्हणेल, चुलीचाही धूर असतोच. असतो ना! तीच बाई दोन्ही धूर घेते.

कायदे नाहीत असं नाही. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूर अतिप्रदूषित ठरवलं. 2015 साली गंधकाच्या वायूवर मर्यादा आली, दोन वर्षांत पाळायची होती. मुदती वाढत गेल्या आणि 2025 च्या जुलैत देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. अतिप्रदूषित भागांतल्या केंद्रांचं एकेक प्रकरण तपासून ठरवायचं आहे. तिथे आपण बोललो नाही तर आपल्या वतीने कोण बोलणार?

बोलायला गेलं की विचारतात, तुमची जमीन गेली का? सातबारा नवऱ्याच्या नावावर, प्रकल्पग्रस्ताचा दाखला मुलाच्या. खोकला तेवढा बाईच्या नावावर!

तर ग्रामसभेत, वॉर्डात हे विचारा: गेल्या महिन्यात राख पकडणारं यंत्र कुठल्या संचावर किती तास बंद होतं? तळ्यावर पाणी कधी मारलं? आरोग्य केंद्रात दम्याच्या बायकांची वेगळी नोंद आहे का? माहिती अधिकाराचा कायदा 2005 पासून आहे. अर्ज मराठीत लिहा, चार-पाच जणी मिळून जा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.