पोडावरच्या आजीची स्मरणशक्ती

साठी ओलांडलेल्या सुमारे 88 लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज 2023 मध्ये ‘लासी-डॅड’ या देशव्यापी अभ्यासाने मांडला. प्रमाण खेड्यांत आणि स्त्रियांत जास्त. स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार असलेल्या अल्झायमरचं बहुतेक संशोधन मात्र झालं पाश्चात्त्य, शिकलेल्या लोकांवर. तिथली नेहमीची चाचणी वाक्य लिहायला सांगते, शंभरातून सात-सात वजा करायला लावते. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणीच्या पोडावरची, म्हणजे कोलाम वस्तीवरची, शाळा न पाहिलेली आजी त्यात अडखळली, तर दोष तिच्या स्मरणशक्तीचा कसा? हरियाणात बल्लभगडला निरक्षरांसाठी हिंदीत चाचणी घडवली गेली. कोलामी, गोंडी, गोरमाटी या भाषांतही तशी चाचणी हवीच. घरचं म्हातारं माणूस ओळखीची वाट चुकू लागलं, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा.